अकराव्या जुजातलं नववं पान

रविवारी बाइंडिंगचं दुकान बंद असायचं. त्या रविवारीही शटर खालीच होतं. पण मागच्या खोलीत कामाच्या मोठ्या टेबलाभोवती घरातली पाच माणसं जमली होती, आणि टेबलाच्या मधोमध, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर, घरचा ग्रंथ ठेवला होता.

बेबीची मुलगी शुक्रवारी सकाळी गेली होती. जन्मल्यावर ती किती वेळ जगली याबद्दल हॉस्पिटलच्या दोन कागदांवर दोन वेगळ्या वेळा पडल्या होत्या, आणि जावई तेच निस्तरायला अजून तिकडे थांबला होता. दफन सोमवारी दहा वाजता ठरलं होतं. बेबी एकतीस वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवणारी बाई. पण घरात ती अजून बेबीच होती. शुक्रवारपासून मात्र तिला त्या नावाने हाक मारायला कोणाची जीभ वळत नव्हती. सगळे तिला नुसतं "अगं" म्हणत होते.

"मला आजी म्हणते तीच प्रार्थना हवी आहे," बेबी म्हणाली. शुक्रवारपासून ती चौथ्यांदा हे म्हणत होती, आणि आवाज चारही वेळा तसाच होता.

तिचे वडील, म्हणजे या घरातला थोरला, टेबलाच्या टोकाला उभा होता. जन्मभर जमीन मोजण्याच्या खात्यात काढल्यामुळे तो उभा राहिला तरी खुंटी ठोकल्यासारखा उभा राही. गेली बारा वर्षं तो मूळपाठ मंडळाचा वाचक होता. मंडळाचा नियम एकच आणि सोपा होता: मूळ ग्रंथात आहे तेवढंच म्हणायचं, मागाहून कोणी घातलेलं एक अक्षरही नाही. नाव ठेवण्याआधी गेलेल्या मुलासाठी मंडळाच्या पाठात प्रार्थना नव्हती. अशा मुलाला मुकाट्याने मातीत ठेवायचं आणि घरी यायचं.

"त्या प्रार्थनेचं पान फक्त आपल्याच ग्रंथात आहे," थोरला म्हणाला. "दुसऱ्या कुठल्याही प्रतीत नाही. मी तीन वेळा शोधलंय."

"आपली प्रत तुझ्या मंडळाच्या प्रतीपेक्षा जुनी आहे, दादा," मधला म्हणाला. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि देवाचं नाव फक्त बोट भाजलं तर घ्यायचा. वडिलांच्या अंत्यविधीला तो बाहेर फाटकापाशी उभा राहिला होता, आणि तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं वाढदिवस आणि आजारपण यांपुरतं उरलं होतं. "पान मूळचंच असेल तर तुमच्याकडचं एक पान गहाळ झालंय, एवढाच त्याचा अर्थ. आणि मागाहूनचं असेल तर तू जिंकलास. भांडायचं कशाला? उघडून बघू. बाइंडर घरातच आहे."

सगळ्यांनी धाकटीकडे पाहिलं. पणजोबांनी उभं केलेलं हे दुकान तिन्ही भावंडांपैकी एकट्या तिने चालवलं होतं.

"शिवण उसवावी लागेल," ती म्हणाली.

"उसव," थोरला म्हणाला. "पान मूळचं निघालं तर उद्या मी स्वतः ते वाचीन. मंडळापुढेही मीच उभा राहीन. आणि नाही निघालं, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," मधला म्हणाला.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची, हात मांडीवर ठेवून. तिला कोणी काही विचारलं नाही.

धाकटीने दिवा ओढून घेतला, चष्मा बदलला आणि कामाला लागली.

हाताने लिहिलेला, हाताने शिवलेला ग्रंथ. आठ पानांचा एक जुज, असे चाळीस जुज, प्रत्येक जुज मधोमध घडी घालून दोऱ्याने शिवलेला. कण्यावरचा जुना सरस तिने पातीने हळूहळू सोडवला. त्याचा भुगा कापडावर पडत राहिला. अकराव्या जुजाशी आल्यावर तिने पानं मोजली आणि पुन्हा मोजली. नऊ होती.

नऊ असणं म्हणजे लगेच काही वाईट नव्हे. लिहिणाऱ्याची एखादी ओळ राहिली की बाइंडर तेव्हाच एक सुटं पान जोडून देतात. तिने पान दिव्यासमोर धरलं. कागद तोच होता, तशाच बारीक उभ्या रेघांचा. अक्षरही तेच, उजवीकडे किंचित झुकलेलं. तिच्या खांद्यांतला ताण उतरला. मधल्याने ते पाहिलं आणि बेबीच्या पाठीवर हात ठेवला.

मग तिला ते भोक दिसलं.

किडीने पाडलेलं, मोहरीच्या दाण्याएवढं. दहाव्या जुजात सुरू होऊन पानामागून पान आरपार गेलेलं. आठव्या पानावर होतं. बाराव्या जुजाच्या पहिल्या पानावर, त्याच जागी, होतं. मधल्या त्या एका पानावर नव्हतं. कीड पान ओलांडून उडी मारत नाही. ग्रंथाला कीड लागून गेल्यावर मग कोणीतरी हे पान आत घातलं होतं, जुन्या कोऱ्या कागदावर, जुन्या अक्षराची नक्कल करून, आणि शेजारच्या पानाला चिकटवलं होतं. चिकटवण फार सुबक होती. धाकटीने स्वतः याहून चांगली केली नसती.

"पाणी उकळून आणते," ती म्हणाली. "कड सोडवायला वाफ लागेल."

मधला तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला.

"काय निघालं?"

तिने गॅस पेटवला. "मागाहूनचं आहे."

"नक्की?"

भोकाचं तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याला दुसरं वाक्य लागलंही नाही. तो ओट्याला टेकला.

"मग सांगू नकोस," तो म्हणाला.

"तू हे म्हणतोस?"

"मीच म्हणतोय. त्या भोकाकडे तुझ्याशिवाय कोण बघणार आहे? दादाला त्यातलं काही कळत नाही. म्हण, मूळचं आहे. उद्या तो वाचील, पोरीला बरं वाटेल, आई रोज म्हणते तशी म्हणत राहील. कोणाचं काय जातं?"

"भाऊ, आयुष्यभर तू आम्हाला पुराव्यावरून बोललास. आईने आजारपणात नवस बोलला तेव्हा तिच्याशी महिनाभर धड बोलला नव्हतास."

"ते वेगळं."

"काय वेगळं?"

वर्गात एखाद्या पोराने आकडे जुळवून आणले तर तो वही परत फेकायचा. इथे मात्र आकडे जुळवावेत असं त्याला मनापासून वाटत होतं, आणि त्याचा त्याला रागही येत होता.

"आज मी तिचा काका आहे," तो शेवटी म्हणाला. "एवढंच वेगळं."

"आणि दादा? तो मंडळापुढे उभा राहणार म्हणतोय. तिथे ग्रंथ उघडतील. त्यांच्यातही एखादा पुस्तकं शिवणारा असेल. भोक सापडलं की दादाचं काय होईल?"

"तोंडावर पडेल. पडू दे की एकदा."

"तोंडावर नाही पडणार रे तो. कुठे पडेल ते तुलाही माहीत आहे."

मधल्याला माहीत होतं. बारा वर्षांपूर्वी, बायको गेल्यानंतर, थोरला सकाळी अकरापासून प्यायला बसायचा. त्याला बाहेर काढायला डॉक्टर झाले, मधल्याने आणलेली पुस्तकं झाली, आईचं रडणं झालं. कशाचाच उपयोग झाला नाही. शेवटी मूळपाठ मंडळाची दोन माणसं रोज सकाळी सहाला येऊन त्याच्याशेजारी बसू लागली. ती बोलायची नाहीत, नुसती एकेक ओळ वाचायची. चौथ्या महिन्यात बाटली सुटली. मधल्याला या गोष्टीचा उलगडा कधी करता आला नव्हता, म्हणून तो तिचा विषयच काढत नसे.

पाणी उकळलं. धाकटीने पातेलं चिमट्याने उचललं.

इकडे खोलीत थोरला टेबलाशी तसाच उभा होता. उसवलेल्या जुजांकडे बघताना त्याच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्याला तिची लाज वाटली. धाकटी काम करत होती तो सगळा वेळ तो मनातल्या मनात देवाला विनवत होता: पान मूळचं निघू दे. मंडळात त्यानेच कितीदा समजावून सांगितलं होतं की जे घडून गेलंय ते बदल म्हणून देवाकडे मागणं हा उद्धटपणा आहे. पान एकतर मूळचं होतं किंवा नव्हतं, आणि ते ठरून कित्येक वर्षं झाली होती. तरीही तो मागत होता. शुक्रवारी हॉस्पिटलात त्याने त्या पोरीला दोन्ही हातांत घेतलं होतं. तिचं वजन त्याच्या मोजमापाच्या पेटीएवढंही नव्हतं. तिला मुकाट्याने मातीत ठेवायचं, या नियमात त्याला बारा वर्षांत काही चुकीचं दिसलं नव्हतं. आताही तो चुकीचा आहे असं त्याला म्हणवत नव्हतं. एक ओळ सैल केली तर बाकीच्या कशाच्या जोरावर उभ्या राहणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच ओळींवर तो रोज सकाळी उभा राहायचा.

"बाबा, बसा ना," बेबी म्हणाली.

तो बसला नाही.

धाकटीने वाफेवर कड धरली. खळ मऊ पडली, पान सुटून आलं. मग ते कापडावर ठेवून तिने हात पुसले आणि थोरल्याकडे बघून सांगितलं.

"दादा, हे मूळचं नाही. मागाहून चिकटवलेलं आहे."

मग तिने भोक दाखवलं. आधीचं पान, नंतरचं पान, आणि मधलं हे. थोरल्याने वाकून पाहिलं. त्याने बोट लावलं नाही. तो इतका वेळ वाकून राहिला की बेबीने मान वळवली.

"ठीक आहे," तो सरळ होत म्हणाला. आपण जिंकलो तर कसं वाटेल याचा त्याने विचार केला नव्हता. वाटायचं ते काहीच वाटलं नाही. "ठीक आहे. म्हणजे विषय संपला."

"संपला कसा?" मधला एकदम उसळला. "हे एक पान माणसाने चिकटवलं. बाकीची तीनशे वीस काय आकाशातून पडली? तीही कोणा माणसानेच लिहिली ना, शाईत बोरू बुडवून? एवढंच की ती लिहिताना कोणी पाहिलं नाही!"

"भाऊ, तू कबूल म्हणाला होतास."

"माझी चूक झाली."

"पुरावा तुझ्या बाजूने असता तर तुझी चूक झाली नसती."

हे खरं होतं, म्हणून मधला आणखीच चिडला. "पोरीकडे बघ जरा! नातीला निरोप द्यायला चार ओळी हव्यात, आणि तू अजून मोजणी करतोयस!"

"मला नको आहेत असं वाटतं तुला?" थोरला ओरडला. त्याचा आवाज बारा वर्षांत घरात इतका चढला नव्हता. "मला नको आहेत? पण मी देवासमोर काहीतरी बनावट वाचू? तिच्यासाठी? सगळ्यांत आधी तिच्यासाठीच ते खरं असायला हवं!"

मधल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. भावाच्या तोंडून आपण म्हणू शकलो असतो असं वाक्य ऐकायची त्याला सवय नव्हती.

"ते सासूबाईंनी लिहिलंय," आई म्हणाली.

तिघांनीही मागे वळून पाहिलं.

"तुमच्या आजीने. याच टेबलावर. मी शेजारी बसले होते." तिने थोरल्याकडे बोट केलं. "तुझ्याआधीचा गेला तेव्हा."

थोरल्याच्या आधी एक मुलगा होऊन गेला, हे मुलांना उडत उडत माहीत होतं. आईने त्याचा उल्लेख त्यांच्यासमोर कधी केला नव्हता.

"संध्याकाळपर्यंत होता तो," आई म्हणाली. "नाव ठेवायचं राहिलं. सासूबाई तेव्हाच्या वाचकांकडे गेल्या, कोणती प्रार्थना म्हणायची ते विचारायला. ते म्हणाले, अशांसाठी ग्रंथात काही नाही. त्या घरी आल्या, चप्पल काढली, आणि मला म्हणाल्या, नाही म्हणजे लिहायला विसरले असतील. बायका नव्हत्या ना लिहायला बसलेल्या. मग जुन्या कागदातलं एक कोरं पान काढलं. ही प्रत त्यांच्या सासऱ्यांच्या हातची, आणि सासूबाईंचं अक्षर सासऱ्यांसारखंच होतं, दुकानात त्यांच्या हाताखालीच शिकल्या होत्या. मी शाईची दौत धरली."

"आई," थोरला म्हणाला, "हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस का? दोन दिवस तुम्ही दोघं पानाबद्दल बोलताय. मला कोणी विचारलं नाही." मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू? धाकटी मूळचं आहे म्हणाली असती, तर मीही मान डोलावली असती. तेवढं देव मला माफ करील असं धरून चालले होते. तिने खरं सांगितलं, मग मलाही सांगणं आलं."

"चौसष्ट वर्षं तू एक बनावट प्रार्थना म्हणत आलीस," थोरला हळू म्हणाला. त्यात दोष देण्याचा सूर नव्हता. त्याला ते खरंच समजत नव्हतं.

"प्रार्थना बनावट नाही रे. पान बनावट आहे. ते ग्रंथात घालायला नको होतं कदाचित. पण सुटं ठेवलं असतं तर कोणीतरी टाकून दिलं असतं. तुझ्या आजोबांनीच टाकलं असतं."

मधल्याला हसू आलं. त्याने ते दाबलं.

बेबी उठून टेबलापाशी आली. आतापर्यंत ती सगळ्यांचं ऐकत होती, डॉक्टर आपल्याबद्दल दुसऱ्याशी बोलत असताना आपण ऐकतो तसं.

"म्हणजे हे पणजीचं आहे," ती म्हणाली.

"हो," आई म्हणाली.

"मग बरं झालं. देवाचं असतं तर बाबांना विचारावं लागलं असतं. पणजीचं आहे, तर मी वाचीन." ती वडिलांकडे वळली. "बाबा, तुम्ही वाचू नका. तुम्हाला त्रास होईल असं काही करू नका. पण मी वाचणार आहे."

थोरल्याने पानाकडे पाहिलं, मग मुलीकडे. "तिथे मला उभं राहता येणार नाही. ग्रंथाबाहेरची प्रार्थना चालली असेल तिथे वाचकाने थांबायचं नसतं."

"माहीत आहे."

"गाडी मी आणीन. तुम्हाला सोडीन. आत येणार नाही."

"चालेल, बाबा."

धाकटीने विचारलं, "पान परत आत घालू का?"

"नको," थोरला म्हणाला. आणि त्याच वेळी आईही म्हणाली, "नको." शुक्रवारपासून त्या दोघांचं पहिल्यांदा कशावर तरी एकमत झालं होतं. पान धाकटीने एका जाड पाकिटात घालून बेबीच्या हातात दिलं. ग्रंथाचे जुज तिने क्रमाने लावले, त्यांवर वजन ठेवलं आणि दिवा मालवला.

सोमवारी वारा होता. दफनभूमी टेकडीच्या उतारावर होती आणि तिथली चढण आईला झेपण्यासारखी नव्हती, म्हणून ती घरी राहिली. थोरल्याने गाडी फाटकासमोर लावली. जावयाने पेटी उचलली. ती त्याला एकट्याला सहज उचलता आली, आणि ते बघणं सगळ्यांनाच जड गेलं.

लहान मुलांची जागा कुंपणालगत होती. दगडाचं बुटकं कुंपण, कमरेएवढं. थोरला फाटकातून आत आला नाही. पण गाडीतही बसून राहिला नाही. तो कुंपणाच्या बाहेरून त्यांच्याबरोबर चालत आला आणि ते थांबले तिथे, पलीकडच्या बाजूला, थांबला. त्यांच्यात आणि त्याच्यात सात-आठ पावलं होती.

पेटी खाली ठेवून झाल्यावर बेबीने पाकिटातून पान काढलं. ते वाऱ्याने फडफडू लागलं तसं मधल्याने पुढे होऊन खालचं टोक धरलं. प्रार्थना ऐकायला तो चाळीस वर्षांत पहिल्यांदाच इतक्या जवळ उभा होता.

"जिला आम्ही हाक मारली नाही," बेबी वाचू लागली, "तिला तू हाक मार. जिचे पाय जमिनीला लागले नाहीत, तिला तू चालवू नकोस, उचलून ने." पानावर 'ज्याला' आणि 'त्याला' होतं, ती वाचता वाचता बदलत होती. "तिने काही मागितलं नाही, म्हणून आम्ही मागतो. तिला अंधाराची सवय आहे, पण एकटं राहायची नाही. तिला तुझ्या..."

ती थांबली. कालच्या वाफेने कडेची शाई उतरली होती, आणि शब्दही जुना होता, हल्ली कोणी वापरत नाही असा. तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "तिला तुझ्या..." ती पुन्हा म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. तीन दिवस तिने जो धरून ठेवला होता तो तिच्या हातून सुटत चालला होता. धाकटीने तोंड उघडलं.

"ओसंगा," कुंपणाच्या पलीकडून थोरला म्हणाला. "ओसंगा घे. म्हणजे मांडीवर."

तो पोर असताना रोज संध्याकाळी आईच्या शेजारी बसून त्याने ते ऐकलं होतं.

"तिला तुझ्या ओसंगा घे," बेबीने वाचलं, आणि मग उरलेल्या दोन ओळीही पुऱ्या केल्या.

माती टाकून झाली. बेबी आणि जावई थोडे मागे राहिले. मधला जाऊन गाडीत मागे बसला. धाकटी पुढचं दार उघडून बसली तेव्हा थोरला स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता.

"मी प्रार्थना म्हटली नाही," तो म्हणाला. "तिला शब्द अडला. तो सांगितला. एवढंच."

"एवढंच," धाकटी म्हणाली.

"मंडळात विचारलं तर तसंच सांगेन."

"सांग."

त्याने किल्ली लावली. ती फिरवायला गेला आणि हात तसाच राहिला. समोरच्या काचेतून बेबी आणि जावई येताना दिसत होते, अगदी हळू, तिला टाके असल्यामुळे. थोरल्याचे खांदे हलू लागले. आवाज काहीच येत नव्हता.

मधल्याने मागून हात पुढे केला आणि भावाच्या खांद्यावर ठेवला.

"सावकाश, दादा," तो म्हणाला. "कोणाला घाई नाही."